गोचीड चावली आणि हृदयाचा करंट अडकला : लाइम कार्डायटिसचे माझे अकरा दिवस

जूनमध्ये माझ्या डाव्या मांडीच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर, एक गोल चट्टा उठला होता. खाज नाही, दुखणं नाही, आरशासमोर मान वळवून बघितलं तरच दिसायचा. मला वाटलं नायटा असेल, उन्हाळा आहे, घाम येतो, होतं असं. नायट्याचं मलम आठवडाभर लावलं, चट्टा कमी व्हायच्या ऐवजी पसरत गेला, पण त्रास काहीच नव्हता म्हणून मग मलम लावायचं सोडलं आणि विसरून गेलो. हे इतकं बारीक सांगतोय कारण पुढे हॉस्पिटलात जे अकरा दिवस काढले त्यातला सगळ्यात मोठा निर्णय ह्या एका चट्ट्यावरून झाला, आणि तो चट्टा मी स्वतःहून कुणालाच सांगितला नव्हता.

आम्ही अमेरिकेच्या ईशान्य भागात राहतो. इथे लाइम हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होता, म्हणजे गोचीड चावते, अंगावर धनुष्यबाणाच्या निशाण्यासारखं लाल वर्तुळ उठतं, गोळ्या घेतल्या की बरं होतं, एवढंच. तो आजार हृदयापर्यंत जातो, त्याला लाइम कार्डायटिस म्हणतात, हे मी कधी ऐकलेलं नव्हतं. आणि ते लाल वर्तुळ फोटोत नेहमी गोऱ्या कातडीवर दाखवलेलं असतं. माझ्या सावळ्या कातडीवर तो चट्टा लाल दिसतच नव्हता, जांभळट तपकिरी दिसत होता, मार लागून काळंनिळं पडतं तसा, आणि मधे निशाण्यासारखी कडी वगैरे काही नाही, सगळा एकसारखा. त्यामुळे माझ्या डोक्यात लाइमचा विचार एकदाही आला नाही.

गोचीडही मी पाहिली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीला घेऊन जंगलातल्या पायवाटेने गेलो होतो, ती फुलपाखरामागे उंच गवतात शिरली आणि मी तिच्यामागे, अर्ध्या चड्डीत. बहुतेक तिथेच. आपल्याकडे गुराच्या कानात लोंबणारी फुगलेली गोचीड आपण पाहिलेली असते, ही तशी नसते, उन्हाळ्यात चावतं ते तिचं पिल्लू असतं आणि ते खसखशीच्या दाण्याएवढं असतं. चावताना कळत नाही. आणि एक गोष्ट मला नंतर कळली, की चावली की लगेच जंतू जात नाहीत, साधारण दिवसभरापेक्षा जास्त चिकटून राहावी लागते तेव्हा ते आपल्या रक्तात उतरतात. म्हणजे त्या संध्याकाळी घरी येऊन नुसतं गुडघ्यामागे हात फिरवून, नीट बघून आंघोळ केली असती तर कदाचित हे काहीच झालं नसतं. हा विचार मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या किती वेळा केला असेल.

चट्ट्यानंतर पाचेक दिवसांनी ताप आला, फार नाही, १०१ च्या आसपास, पण अंग असं मोडून निघालं की उठवत नव्हतं, मान दुखत होती, आणि सर्दी खोकला मात्र अजिबात नाही. भर उन्हाळ्यात सर्दीशिवाय फ्लूसारखा ताप, इथे ही एवढीच गोष्ट डॉक्टरला लाइमची आठवण करून द्यायला पुरेशी असते हे आता माहीत आहे. तेव्हा एका क्लिनिकमध्ये गेलो, त्यांनी घसा बघितला, छातीला स्टेथोस्कोप लावला, व्हायरल आहे म्हणाले, पाणी प्या आणि आराम करा. कपडे काढून कुणी तपासलं नाही, अलीकडे जंगलात गेला होतात का असं कुणी विचारलं नाही, आणि मीही नायट्याबद्दल कशाला बोलू, तो वेगळा आणि ताप वेगळा असं समजून गप्प बसलो. चार दिवसात ताप उतरला. मी कामाला लागलो.

मग जुलैचा तिसरा आठवडा. आधी दोन-तीन दिवस नुसतं थकल्यासारखं होत होतं, जिना चढला की धाप लागायची, मी ४१ वर्षांचा, रोज चालणारा माणूस, मला जिन्याने धाप लागत नाही. शनिवारी सकाळी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन वर जात होतो आणि मधल्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली, टोपली सुटली, कठडा धरून खाली बसलो. चक्कर म्हणजे घर फिरतं तशी नव्हे, दिवा मंद होत जावा तसं सगळं आतल्या आत विझत गेलं आणि पाच-सहा सेकंदांनी परत उजळलं. बायको धावत आली. मी म्हटलं काही नाही, उपाशी आहे म्हणून झालं असेल. तिने माझा हात धरून घड्याळात बघितलं, त्यावर नाडीचे ठोके दिसतात, ४१ दाखवत होतं. ती म्हणाली, "अरे तू आत्ता जिना चढलायस, धाप लागलीय तुला, आणि ठोके एक्केचाळीस? हे बिघडलंय." मग तिने स्वतःच्या हातात घड्याळ बांधलं, तिचे ८८ आले. घड्याळ चांगलं होतं.

त्यानंतर तिने मला एक शब्द बोलू दिला नाही, गाडीत बसवलं. आता सगळे डॉक्टर सांगतात की अशा वेळी अ‍ॅम्ब्युलन्सच बोलवायला हवी होती, वाटेत काही झालं असतं तर गाडीत ती एकटी काय करणार होती. तेव्हा सुचलं नाही, पण तुमच्यावर अशी वेळ आली तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

इमर्जन्सीत ईसीजी काढला. तो बघून ती टेक्निशियन काही न बोलता बाहेर गेली आणि दोन मिनिटांत तीन माणसं आत आली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

ईसीजीबद्दल मी पुढच्या अकरा दिवसांत जे शिकलो ते इथे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. हृदयाला वरचे दोन कप्पे आणि खालचे दोन कप्पे. ठोक्याचा करंट वर तयार होतो आणि खाली जातो, आणि वरून खाली जायला एकच वाट आहे, तिच्या तोंडाशी एक गाठ आहे, एव्ही नोड. वरचे कप्पे आवळले की कागदावर छोटासा उंचवटा येतो तो पी, आणि खालचे आवळले की मोठं टोक येतं. ह्या दोघांमधलं अंतर म्हणजे पीआर, करंटला त्या वाटेने जायला किती वेळ लागला ते. ईसीजीच्या कागदावर बारीक गुलाबी चौकोन असतात, एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. चांगल्या हृदयात पीआर पाच चौकोनांच्या आत असतं, म्हणजे २०० च्या आत. माझं आठ चौकोन होतं. ३२०.

आणि मधूनमधून एखादा पी यायचा आणि त्याच्यामागे टोक यायचंच नाही. वरून निरोप निघाला, खाली पोचलाच नाही. ह्यालाच ब्लॉक म्हणतात.

ड्यूटीवर जो तरुण डॉक्टर होता तो चांगला होता, समजावून सांगत होता, पण त्याचं म्हणणं असं की ह्या वयात असा ब्लॉक म्हणजे बहुतेक करंटची वाटच खराब झालेली असणार, ॲडमिट करू, इको करू, आणि बहुधा कायमचा पेसमेकर बसवावा लागेल, मनाची तयारी ठेवा. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. कायमचा पेसमेकर म्हणजे काय हे मला माहीत होतं, माझ्या काकांना होता, पण ते पंच्याहत्तरीचे होते. माझ्या वयात बसवला की त्याची बॅटरी दर काही वर्षांनी बदलायची, म्हणजे उरलेल्या आयुष्यात चार-पाच वेळा तरी छातीवरची कातडी कापायची, हृदयात तारा कायमच्या, त्यांना इन्फेक्शन व्हायचा धोका कायमचा.

मग ते झालं. एक नर्स माझे कपडे बदलून हॉस्पिटलचा झगा घालायला मदत करत होती, पन्नाशीची असेल, मी कुशीवर वळलो आणि ती थांबली. म्हणाली, "हे काय आहे? किती दिवसांपासून आहे?" मी म्हटलं नायटा आहे, महिना झाला, जातोय आता. तिने दिवा जवळ ओढला. चट्टा तोवर फिकट झाला होता पण माझ्या तळहाताएवढा पसरला होता. तिने बोटाने कडेवरून फिरवून बघितलं, खपल्या नाहीत, खरखरीत नाही, नायट्याची कड खरखरीत असते. तिने विचारलं, "ताप आला होता का?" हो. "जंगलात, गवतात गेला होता?" हो. ती एवढंच म्हणाली, "मी डॉक्टरांना बोलावते, तुम्ही असेच पडून राहा, झगा खाली ओढू नका."

त्या बाईचं नाव मी इथे लिहीत नाही, पण तिला मी विसरणार नाही.

मोठे कार्डिओलॉजिस्ट आले, त्यांच्याबरोबर इन्फेक्शनच्या डॉक्टर आल्या. त्यांनी माझ्यासमोरच कागदावर बेरीज केली. कॅनडातल्या डॉक्टरांनी एक सोपी मोजपट्टी तयार केलेली आहे, असा ब्लॉक लाइममुळे असण्याची शक्यता किती ते बघायला. चट्टा असेल तर ४, गोचीड चावल्याचं माहीत असेल तर ३, ताप-अंगदुखी-धाप अशी लक्षणं असतील तर २, आणि गवताजंगलात वावर किंवा लाइमचा भाग, पुरुष असणं, पन्नाशीच्या आत वय ह्यांचा प्रत्येकी १. माझी गोचीड कुणी पाहिली नाही म्हणून ते ३ गेले, बाकी सगळं मिळून ९. सात किंवा त्याच्या वर म्हणजे शक्यता जास्त. त्यातले चार गुण त्या चट्ट्याचे होते. चट्टा दिसला नसता तर माझे ५ झाले असते, मधल्यामधे, तरी संशय घ्यायला हवाच होता, पण त्या तरुण डॉक्टरच्या डोक्यात तोवर लाइम आलंच नव्हतं हेही खरं.

रक्त घेतलं. लाइमची तपासणी दोन पायऱ्यांची असते, पहिली पॉझिटिव्ह आली की दुसरी करून खात्री करतात, रिपोर्टला दिवस लागतात. त्या डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, अँटिबायोटिक आत्ता सुरू करायचं. सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन, २ ग्रॅम, शिरेतून, दिवसातून एकदा. आणि मग कार्डिओलॉजिस्ट जे म्हणाले ते ऐकून बायको पहिल्यांदा रडली, आनंदाने की कशाने तिलाही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "तुमची वायर तुटलेली नाहीये. ती सुजलीये. सूज उतरते. आपण कायमचा पेसमेकर बसवणार नाही आहोत, आपण थांबणार आहोत. पण सूज उतरण्याआधी वाढू शकते, म्हणून तुम्ही मॉनिटरवरून एक मिनिटही हलणार नाही."

पीआर ३०० च्या वर गेलं की माणूस कितीही ठणठणीत दिसो, घरी पाठवायचं नाही, कारण अशा वेळी ब्लॉक मिनिटांत वाढू शकतो. इथल्या तीन मोठ्या वैद्यकीय संस्थांनी मिळून २०२० मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात हेच आहे, आणि हेही आहे की गरज पडली तर तात्पुरता पेसमेकर लावा, कायमचा नको.

वाढला. त्याच रात्री. दोनच्या सुमाराला मला जाग आली ती मॉनिटरच्या आवाजाने, आणि छातीत काहीतरी थांबल्यासारखं, दुखत नव्हतं, फक्त रिकामं वाटत होतं. खोलीत चार माणसं. पूर्ण ब्लॉक झाला होता, वरचे कप्पे त्यांच्या ठेक्यात ९० ने चालू आणि खालचे स्वतःच्या बळावर ३४ ने, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. छातीवर पाठीवर मोठे चिकट पॅड आधीच लावून ठेवले होते, त्यातून बाहेरून शॉक देऊन हृदय चालवता येतं, ते वापरायची वेळ आली नाही. मला खाली नेलं, मानेच्या उजव्या बाजूला भूल दिली, आणि तिथल्या शिरेतून एक तार हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात सोडली. मान डावीकडे वळवून, तोंडावर निळं कापड, मला फक्त कापडाच्या कडेतून एक नर्सचे बूट दिसत होते. तार आत टेकली तेव्हा दोन-तीन ठोके धडधडले, मग कुणीतरी म्हणालं पकडलं, आणि माझ्या आत एकदम दिवा मोठा केल्यासारखं झालं. मला खरंच तसं वाटलं. डोकं साफ, श्वास खोल. सत्तर ठोके, मशीनचे.

त्या रात्री पहिल्या डोसनंतर थंडीही भरून आली होती, दात वाजत होते, त्या डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं की जंतू मरायला लागले की काही जणांना पहिल्या दिवशी असं होतं, घाबरू नका. सांगितलेलं होतं म्हणून नाही घाबरलो.

ताई डॉक्टर आहे, भारतात असते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. तिकडे लाइम फारसं दिसतच नाही, तिने आयुष्यात एकही केस बघितलेली नाही, त्यामुळे तिचं म्हणणं सरळ होतं, "हे बघ, कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे, त्यात धोका पत्करायचा नाही, पेसमेकर बसवून घे आणि मोकळा हो. तात्पुरत्या तारेवर किती दिवस पडून राहणार?" ती काळजीनेच बोलत होती आणि इतर बऱ्याच कारणांनी झालेला ब्लॉक असता तर तिचंच बरोबर ठरलं असतं. बायकोने फोन घेतला, म्हणाली, "ताई, तुम्ही ह्यांच्या कार्डिओलॉजिस्टशी बोला ना एकदा." ते दोघं वीस मिनिटं बोलले. त्यानंतर ताईचा मला एका ओळीचा मेसेज आला, थांब, ते म्हणतात तसंच कर. आईला आम्ही चौथ्या दिवशी सांगितलं, तेही आधी ताई तिच्या शेजारी जाऊन बसल्यावर.

थांबणं सोपं नव्हतं हे मात्र सांगायला पाहिजे. पहिले तीन दिवस ती साधी तार, तिच्याबरोबर मान हलवायची नाही, उठायचं नाही, तार सरकली तर ठोके जातात. आणि रोज सकाळी डॉक्टर येऊन दोन मिनिटं मशीनचा वेग कमी करून बघायचे की खाली माझं स्वतःचं काय चाललंय. पहिल्या दिवशी पूर्ण ब्लॉक. दुसऱ्या दिवशी पूर्ण ब्लॉक. तिसऱ्या दिवशीही पूर्ण ब्लॉक. तुम्हाला रोज सांगितलंय की सूज उतरणार, आणि रोज सकाळी तुम्ही बघताय की उतरली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मी बायकोला म्हटलं की बसवून टाकू दे कायमचा, माझ्यात आता ताकद नाही. ती म्हणाली, "औषध सुरू होऊन तीन दिवस झालेत फक्त. आठवडा होऊ दे, मग बोल." बस, इतकंच. मग तिने दिवा बंद केला आणि खुर्चीत बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी लाइमचे रिपोर्ट आले, दोन्ही पायऱ्या पॉझिटिव्ह. इको चांगला होता, पंपिंग ६० टक्के. आणि चौथ्या दिवशी त्यांनी तार बदलली. ह्यावेळी मानेतूनच पण टोकाला स्क्रू असलेली, जी हृदयाच्या भिंतीत पक्की बसते, आणि तिला बाहेर एक नेहमीचा पेसमेकर जोडून तो माझ्या गळ्याखाली छातीवर पारदर्शक पट्टीने चिकटवला. जो आत बसवतात तोच, पण माझ्या कातडीच्या बाहेर. चपटा, गुळगुळीत, काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. मुलगी भेटायला आली तेव्हा तिने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाबा, हे चालू आहे? आवाज का येत नाही?" ह्या तारेमुळे मला उठता यायला लागलं, मॉनिटर खिशात घेऊन वॉर्डात चालता यायला लागलं. ज्या हॉस्पिटलात ही सोय असेल तिथे ती मागा, बेडवर खिळून वाट बघणं आणि चालत वाट बघणं ह्यात फार फरक आहे.

पाचव्या दिवशी सकाळी मशीनचा वेग कमी केला आणि डॉक्टरांनी कागद बायकोच्या हातात दिला. दोन पी आणि एक टोक, दोन पी आणि एक टोक. म्हणजे एकाआड एक निरोप पोचत होता. सुटलो असं वाटलं मला, ते म्हणाले अजून नाही, पण सुरुवात आहे. सहाव्या दिवशी पीआर हळूहळू लांबत जायचं, लांबत जायचं, मग एक ठोका गळायचा आणि परत पहिल्यापासून. सातव्या दिवशी सगळे पोचायला लागले, एकही गळत नव्हता, पण पीआर ३६०, नऊ चौकोन. आठव्या दिवशी ३०४. नवव्या दिवशी २६०.

हे आकडे मला पाठ नाहीत, बायकोच्या वहीत आहेत. तिने पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती, तारीख, वेळ, डोस किती वाजता, पीआर किती, कोण डॉक्टर काय म्हणाले. मुलगी आली की त्यांचं काम ठरलेलं, आई जुना कागद द्यायची आणि ती पेन्सिलीने पी च्या सुरुवातीपासून टोकाच्या सुरुवातीपर्यंत बारीक चौकोन मोजायची, जीभ दाताखाली धरून, आणि मोठ्याने सांगायची. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या बापाच्या हृदयाचे चौकोन मोजायला लावावेत का असं मला सुरुवातीला वाटलं, पण त्याने तिची भीती गेली, रोज कमी होणारा आकडा तिने स्वतः मोजलेला होता.

ह्या आजाराचं नावच एका वहीमुळे पुढे आलं असं म्हणता येईल. १९७० च्या दशकात कनेक्टिकटमधल्या लाइम गावात पॉली मरे नावाच्या बाई राहायच्या, त्यांच्या घरात सगळ्यांना सांधे सुजणं, ताप, चट्टे, आणि डॉक्टर म्हणायचे काही नाही. त्या सगळं टिपून ठेवत गेल्या, आजूबाजूच्या मुलांनाही तसंच होतंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १९७५ मध्ये त्यांनी आणि आणखी एका आईने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. तिथून संशोधन सुरू झालं. पुढे विली बर्गडॉर्फर ह्या शास्त्रज्ञाला गोचिडीच्या पोटात स्क्रूसारखे वळलेले जंतू सापडले, त्यांचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. हे मला त्या इन्फेक्शनच्या डॉक्टरांनी बायकोची वही बघून सांगितलं, वही हातात घेऊन त्या दोन मिनिटं वाचत उभ्या राहिल्या होत्या.

मी त्यांना विचारलं हे किती जणांना होतं. त्या म्हणाल्या, इथे जेवढ्या लाइमच्या केसेस नोंदवल्या जातात त्यात शंभरात साधारण एकाच्या हृदयाला होतं, पुरुषांना जास्त होतं, का ते नक्की कुणी सांगू शकत नाही. बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. मग मी विचारलं, आणि ज्यांचं कळत नाही? त्या जरा थांबल्या. २०१२ च्या नोव्हेंबरपासून २०१३ च्या जुलैपर्यंत अमेरिकेच्या ईशान्य भागात तीन माणसं अचानक गेली, तिघंही २६ ते ३८ वयातली, आणि मृत्यूनंतर त्यांच्या हृदयात लाइम सापडलं. त्या रात्री मला झोप आली नाही. मी जिन्यावर होतो, टोपली घेऊन, आणि बायको घरात होती. एवढाच फरक.

दहाव्या दिवशी ट्रेडमिलवर चालवलं, ठोके १२० च्या वर नेऊन बघितलं की प्रत्येक निरोप खाली पोचतो की नाही. सगळे पोचले. दुपारी मानेतली तार काढली, स्क्रू उलटा फिरवताना काहीच कळलं नाही, फक्त तार ओढताना मानेत गुदगुल्या झाल्यासारखं. वर एक छोटी पट्टी. छातीवरचा पेसमेकर काढून नर्सने ट्रेमध्ये ठेवला तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडे बघून घेतलं. रात्रभर मॉनिटरवर ठेवलं, अकराव्या दिवशी सकाळी पीआर २२४, आणि घरी.

घरी डॉक्सीसायक्लिन ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सगळं मिळून २१ दिवस होईपर्यंत. त्याबद्दल दोन गोष्टी, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ नका, मी एकदा झोपायच्या आधी घेऊन लगेच पडलो आणि अन्ननलिकेत अशी आग झाली की दोन दिवस घोट गिळवत नव्हता. आणि उन्हात जाऊ नका, ह्या गोळ्यांवर कातडी लवकर भाजते. थकवा मात्र महिनाभर राहिला, जिना मी चढायचो पण मधल्या पायरीवर आपोआप कठडा धरायचो.

त्या डॉक्टरांनी जाताना अजून एक सांगितलं, की आता रक्त परत परत तपासत बसू नका. अँटिबॉडीज कित्येक वर्षं रक्तात राहतात, बरं झाल्यावरही तपासणी पॉझिटिव्हच येते, ते बघून लोक विनाकारण महिनोन् महिने अँटिबायोटिक घेत राहतात. आणि एकदा झालं म्हणजे परत होणार नाही असंही नाही, नवीन गोचीड चावली तर परत होऊ शकतं. म्हणून आता आम्ही गवतातून आलो की कपडे थेट ड्रायरमध्ये, आणि तिघांची तपासणी, गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, कानामागे, केसांत. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, तेल नाही, काडी पेटवून लावणं नाही. आणि डॉक्टरांना लगेच फोन, कारण ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनचा एकच डोस दिला तर आजार टळायची चांगली शक्यता असते.

तुमच्यापैकी जे इकडे राहतात किंवा ज्यांची मुलं इकडे शिकायला आलीत त्यांच्यासाठी एक, उन्हाळ्यात कुठलाही न खाजणारा, पसरत जाणारा चट्टा दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा, बाजूला नाणं ठेवून, तारखेसकट, आणि डॉक्टरकडे कशासाठीही गेलात तरी तो दाखवा, ते विचारणार नाहीत. आपल्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही.

सहा आठवड्यांनी परत ईसीजी होता. मुलीने शाळेला दांडी मारायचा हट्ट धरला आणि आली. डॉक्टरांनी कागद तिच्याच हातात दिला. ती खिडकीपाशी गेली, उजेडात धरून पेन्सिल टेकवत मोजलं, एकदा मोजलं, परत मोजलं. "चार," म्हणाली, "आणि थोडंसं." कागदाच्या वर छापलेलं होतं, १७२.